लेक डोंगरातून आली आणि गप्प झाली

निफाड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. त्यातलं महत्त्वाचं तेवढं त्यांच्याच शब्दांत देते.

"मुलगी वीस वर्षांची, नाशिकला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मे-जूनमध्ये उत्तराखंडातल्या एका निवासी संस्थेत पन्नास दिवसांचा आउटडोअर लीडरशिपचा कोर्स करून आली. ह्यांचा विरोध होता, मीच हट्टानं पाठवलं. आली ती वेगळीच. दोन महिने झाले, धड बोलत नाही. फोटो दाखव म्हटलं तर मोबाइल हातात देते आणि उठून जाते. गादी सोडून गच्चीवर झोपते. तिकडच्या मैत्रिणींशी मात्र फोनवर तासन्‌तास चालतं. मागच्या आठवड्यात द्राक्षबागेत वडिलांशी भांडली. पाण्याचं पिंप उन्हात आहे, लांबच्या ओळीतल्या बायका मालक बघतो म्हणून पाण्याला येतच नाहीत, असं तिचं म्हणणं. 'अर्ध्या हंगामाच्या फवारणीचे पैसे घातले आणि भांडण शिकून आली,' असं हे म्हणतात. माझ्याजवळ ती एकदाच बोलली. तिथे एक रात्र तिला जंगलात एकटीला ठेवलं होतं, ती खूप रडली. आणि एकदा सगळ्यांना गोल बसवून सरांनी तिला सांगितलं, या ग्रुपची वीक लिंक तू आहेस. हे शिक्षण की छळ? धाकटा नववीत आहे, तोही मागे लागलाय. पाठवू का? जाता जाता एक, तिनं येताना नारिंगी प्लास्टिकचं छोटं खुरपं आणलंय. मी ते तुळशीला वापरते. ते पाहून ती हसत सुटली, का ते सांगेना. आल्यापासून तेवढीच हसली."

ताई, नमस्कार.

खुरप्याचं शेवटी सांगते. आधी सांगितलं तर बाकीचं तुम्ही वाचणार नाही.

फोटोंपासून सुरू करू. मी स्वतः ऐंशीच्या दशकात उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स केला होता. परत आले तेव्हा पंचवटीतल्या आमच्या वाड्यात बायका जमल्या आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न, 'वर काय दिसलं गं?' मला सांगताच येईना. बर्फ दिसला, म्हटलं. आईला वाटलं, कार्टी शिष्ट झाली. खरं तर माझ्या डोक्यात बर्फ नव्हताच. आमच्या रोपमधली एक मुलगी होती. (तिथे सहा-सात जणींच्या तुकडीला 'रोप'च म्हणतात.) एका पहाटे तिच्या बुटाची नाडी गोठून काडीसारखी कडक झाली होती. तिची बोटं चालत नव्हती, माझीही नव्हती. शेवटी मी गुडघ्यांवर बसून ती गाठ दातांनी सोडवली. नाडीला रॉकेलचा वास होता, तो अजून आठवतो. आता हे वाड्यातल्या बायकांना काय सांगणार? दुसरीच्या बुटाला तोंड लावलं म्हटल्यावर आईनं मला तशीच रामकुंडावर अंघोळीला धाडलं असतं.

तुमच्या लेकीच्या मोबाइलमध्ये शिखरं असतील. तिच्या डोक्यात कुणाची तरी नाडी असणार. तुम्ही शिखराबद्दल विचारता, म्हणून ती मोबाइल देऊन उठून जाते.

'लीडरशिप' शब्दानंही घोटाळा होतो. आपल्याकडे लीडर म्हटलं की खादी, माइक आणि मागे चार पोरं. त्या कोर्समध्ये रोज एक जण 'लीडर ऑफ द डे' असतो आणि त्याच्या वाट्याला भाषण येत नाही. पहाटे साडेचारला उठून स्टोव्ह पेटला का बघायचं. नकाशावर वाट आखायची. आणि मग दिवसभर मागे वळून बघत राहायचं. कोण मागे पडलं, कुणाच्या टाचेला फोड आलाय आणि लाजेनं बोलत नाही, कोण सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. लघवीचा रंग काय आहे, हेसुद्धा विचारायचं. उंचावर तहान लागत नाही आणि अंगातलं पाणी मात्र जात राहतं, म्हणून. पाठीवर पंधरा-अठरा किलोची सॅक असताना दुसऱ्याच्या पाण्याची बाटली किती भरलीय याचा हिशेब ठेवणं, एवढाच त्या दिवसाचा अधिकार.

हे सगळं आलं कुठून, तेही सांगते, भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजं बुडत होती. लॉरेन्स होल्ट नावाच्या एका जहाज कंपनीच्या मालकाचं म्हणणं असं की, बोटीत उतरल्यावर तरणेबांड खलाशी हाय खाऊन आधी मरतात आणि पिकलेले म्हातारे तग धरतात. कुर्ट हान हा नाझींना विरोध करून जर्मनी सोडावा लागलेला शिक्षक. त्यानं होल्टच्या मदतीनं १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्हीला एक शाळा काढली, तीच आउटवर्ड बाउंड. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत पॉल पेट्झोल्टनं वायोमिंगमधल्या लँडर गावी नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल सुरू केली. हा माणूस १९३८ साली के-टू शिखराच्या मोहिमेवर गेलेला. चढाईच्या तंत्राइतकाच त्याचा भर 'एक्स्पिडिशन बिहेवियर'वर असे. म्हणजे एकाच तंबूत भिजलेल्या मोज्यांसकट तीन आठवडे राहायचं आणि एकमेकांचा गळा धरायचा नाही. आपल्याकडे दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये, एव्हरेस्ट सर झाल्याच्या दुसऱ्या वर्षी निघाली, तेनझिंग तिथे शिकवायचे. उत्तरकाशीची १९६५ ची. तुमच्या मुलीची संस्था नवी असेल, शिकवणी याच घराण्यातली.

आता बागेतलं भांडण पुन्हा आठवा. पिंप उन्हात. लांबच्या ओळीतल्या बायका पाण्याला येत नाहीत. ताई, ही पोरगी त्या दिवशी तुमच्या बागेची लीडर ऑफ द डे होती, फक्त कुणी तिला नेमलं नव्हतं! पन्नास दिवस तिला 'मागे वळून बघ' शिकवलं, तिनं मागे वळून बघितलं. बोलायची पद्धत चुकली असेल. वडिलांना मजुरांसमोर बोलली असेल तर चुकलीच, ते तिला सांगा. पण पिंप अजून उन्हातच आहे का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही.

माझा सल्ला एकच आहे आणि तो भाऊंच्या हातात आहे. गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळासाठीची छाटणी, तोंडावर आली. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतील. या वर्षी एक एकर तिच्याकडे द्या. नावापुरतं नको, खरोखर द्या. टोळीशी बोलणी, छाटणीचा दिवस, पाणी, नाश्ता, वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावताना सगळ्यांच्या हातात धड हातमोजे आहेत का हे बघणं, संध्याकाळचा हिशेब. (त्या पेस्टचं औषध अंगाला लागलं तर काय होतं हे भाऊंना माहीत आहे. तरीही निम्म्या बागांत ती उघड्या हातांनी लावताना मी पाहिली आहे.) काडी कुठे कापायची ते भाऊच शिकवतील, तिथे तिनं निमूट ऐकायचं. माणसं तिनं सांभाळायची. तिच्या हातून चूक होणार हे धरूनच चाला. एक दिवस मजुरी जास्त जाईल, एखादी ओळ उशिरा होईल. पैसे वाया गेले असं भाऊंना वाटतंय ना? मग वसूल करायची हीच वेळ आहे.

तुमच्याकडेही एक काम. संध्याकाळी ती घरी आली की 'कसं झालं?' विचारू नका. 'बरं झालं' म्हणेल आणि जिना चढेल. 'आज मागे कोण राहिलं?' असं विचारून बघा. आणि मग हातातली भाजी निवडत राहा, तिच्याकडे बघू नका.

गच्चीवर झोपते त्याचं मनावर घेऊ नका. पन्नास दिवस तंबूत काढल्यावर पंख्याचा आवाज डोक्यात जातो. डास फार आहेत सध्या, मच्छरदाणी लावून द्या म्हणजे झालं. मैत्रिणींचंही तसंच. त्या एकमेकींच्या सगळ्या भिकार सवयी ओळखतात, तुम्हाला त्यातला विनोद कळायचा नाही. मला मुलाच्या हॉस्टेलचे विनोद अजून कळत नाहीत. पण एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. जेवण तुटलंय का, रात्र रात्र जागी असते का, कॉलेज बुडवते का, त्या रात्रीबद्दल बोलताना अंग कापतं का. यातलं काही असेल तर डोंगराची सवय म्हणून सोडून देऊ नका, नाशिकला चांगल्या समुपदेशकाकडे न्या. तिला विचारून न्या.

आता ती रात्र. एकटीला ठेवलं वाचून तुमच्या पोटात गोळा आला असणार. याला 'सोलो' म्हणतात आणि आउटवर्ड बाउंडसारख्या कोर्समध्ये ती बरीच जुनी पद्धत आहे. एक ताडपत्री, स्लीपिंग बॅग, पाणी, थोडं खाणं, वही-पेन. घड्याळ बहुतेकदा काढून घेतात. नीट केली तर ती छळ नसते. नीट म्हणजे काय ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. जागा आधी दिवसाउजेडी प्रशिक्षकानं तपासलेली हवी. पोरीजवळ शिट्टी हवी आणि शिट्टी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुणीतरी जागं हवं. ठरलेल्या वेळी लांबून कुणी बघून जायला हवं. आणि सगळ्यात मोठं, 'मला नाही जमणार' म्हणायची मुभा हवी, त्याबद्दल कुणी दात काढता कामा नये. हे सगळं होतं का, तिला विचारा. असेल तर रडण्यानं बिघडत नाही. पहिल्या रात्री निम्मी मुलं रडतात, उरलेली नंतर कबूल करतात. नसेल, विशेषतः तिनं नको म्हटल्यावर तिला बसवलं असेल, तर मात्र ती संस्थेची चूक आहे. त्याला 'कणखर बनवणं' असं गोंडस नाव देऊ नये.

'वीक लिंक'बद्दल मला काही विचारायची गरज नाही. ते चूकच आहे.

संध्याकाळी गोल बसून एकमेकांना सांगायचं, हा त्या शिक्षणाचा कणा आहे, तो मोडू नये. पण सांगायचं ते केलेल्या कामाबद्दल. 'दुपारी ओढ्याशी तू नकाशा न बघता डावीकडे वळलीस, आपला पाऊण तास गेला,' हे सांगणं झालं. त्यावर पोरगी वाद घालू शकते, उद्या सुधारू शकते. 'तू वीक लिंक आहेस' यात सुधारायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय वीस मुलांसमोर बोललं की त्या मुलांनाही परवानगी मिळते, उद्यापासून ती तेच म्हणतात.

हे मी शहाणपणानं बोलत नाही, पाप केलंय म्हणून बोलते. मी भूगोल शिकवायचे आणि सुट्टीत शिबिरं घ्यायचे. नाशिकजवळच्या अंजनेरी किल्ल्यावर आठवी-नववीची पोरं घेऊन गेले होते. एक मुलगा सारखा मागे. खिंडीच्या पायऱ्या संपून पठारावर आलो तरी हा दिसेना. शेवटी तो आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं, 'तुझ्या एकट्यामुळे चाळीस जण उन्हात उभे आहेत.' पोरं हसली. तो काही बोलला नाही. वरच्या तळ्याशी पोचल्यावर तो सगळ्यांपासून लांब जाऊन बसला आणि पाण्यात पाय सोडायला बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. ओढला तशी कातडी मोज्याबरोबर आली. बूट थोरल्या भावाचे होते, दोन नंबर मोठे. पुढे बोळा म्हणून वर्तमानपत्र कोंबलं होतं, ते रक्तानं आणि घामानं लगदा झालेलं. मी त्या दिवशी चाळीस पोरांची मोजदाद चार वेळा केली होती, पायात काय आहे ते एकदाही बघितलं नाही. उतरताना त्याची सॅक मी घेतली. त्यानं ती मला सहज दिली नाही, हिसकावून घ्यावी लागली. पुढच्या शिबिराला तो आला नाही.

म्हणून सांगते, संस्थेला पत्र लिहा. तुम्ही नका लिहू, तिला लिहू द्या, तिची इच्छा असेल तरच. कुठल्या दिवशी, कुठे, काय शब्द वापरले, त्यानंतर काय झालं, एवढंच. संस्था चांगली असेल तर उत्तर देईल आणि त्या सरांना बोलावून घेईल. उत्तरच आलं नाही, किंवा 'तुमची मुलगी फार हळवी आहे' असं आलं, तर धाकट्याच्या प्रश्नाचा निम्मा निकाल तिथेच लागला.

उरलेला निम्मा. नववीत पन्नास दिवस नकोत. आठ-दहा दिवसांचं शिबिर ठीक आहे, पण पैसे भरण्याआधी फोन करा आणि चौकशी भाऊंना करू द्या, औषधाच्या दुकानात ते जशी करतात तशी. किती मुलांमागे किती प्रशिक्षक, त्यात बाई किती. प्रशिक्षकाकडे डोंगरातल्या प्रथमोपचाराचं शिक्षण आहे का. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणून साधारण ७०-८० तासांचा कोर्स असतो, दोन तासांचं पट्टी बांधणं नव्हे. मुक्कामाच्या जागा कुठल्या उंचीवर, तेही विचारा. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा जुना, पक्का धडा आहे. वेळापत्रकात तो पाळलेला नसेल तर फोन ठेवा. रात्री दोनला पोराचं पोट दुखलं तर गाडी कुठपर्यंत येते, जवळचा दवाखाना किती तासांवर, याचं उत्तर त्यांना न अडखळता देता यायला हवं. आपल्या राज्यात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तिचा कागद मागा. 'आमच्याकडे आजवर कधीच काही झालं नाही' म्हणणाऱ्यापासून जरा लांबच राहा. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन झालं, त्यात प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून पंचवीसहून जास्त जीव गेले. ती नवखी, फाजील मंडळी नव्हती. डोंगरात सगळं नीट करूनही धोका उरतो, आणि जो हे मान्य करतो त्याच्याकडेच पोर द्यावं.

तोवर धाकट्याला घरच्या डोंगरावर जाऊ द्या. दिवाळीनंतर, पावसानं निसरडं झालेलं वाळल्यावर, बहिणीबरोबर अंजनेरी. आपल्याकडे एवढे किल्ले पायाशी असताना पोरांना पहिला डोंगर एकदम उत्तराखंडात का दाखवायचा, हे मला कधी कळलेलं नाही. हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर मात्र रविवारी नेऊ नका, तिथे वर चढणारा आणि खाली उतरणारा एकाच खोबणीत बोट घालत असतो. अंजनेरीला लेकीला पुढे चालू देऊ नका, ती मागे राहील आणि भावाला वाट काढू देईल. बूट धाकट्याच्याच मापाचे आहेत ना, ते तुम्ही निघण्याआधी बघा. वाटेवरून आत गवतात शिरू नका म्हणावं. अंजनेरीच्या नावानं ओळखलं जाणारं एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. पावसाळ्यात फुलतं, नंतर जमिनीखाली कंद तेवढा राहतो आणि वरून पाय पडला तरी कळत नाही.

आता खुरपं.

या कोर्समध्ये 'लीव्ह नो ट्रेस' शिकवतात, म्हणजे आपण येऊन गेल्याची खूण मागे ठेवायची नाही. त्यात सकाळच्या विधीचाही नियम आहे. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून निदान २०० फूट लांब जायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, काम झालं की माती लोटून वर पालापाचोळा पसरायचा. त्यासाठी एक हलकं, प्लास्टिकचं, बहुतेकदा नारिंगी रंगाचं खुरपं दिलेलं असतं. हरवू नये म्हणून नारिंगी.

तुळशीची वरची दोन बोटं माती काढून नवी घाला. आणि आज रात्री गच्चीवर जाऊन लेकीला सांगा, मला कळलं म्हणून.